बंद पडलेला ब्लॉग उचलायचा तर आधी पोस्ट लहान करा

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकल दुरुस्ती आणि लांबच्या सायकलफेऱ्या या विषयांवर २०१३ साली ब्लॉग सुरू केला. २०१९ पर्यंत १३२ पोस्ट झाल्या. त्यानंतर दोनदा 'आता नियमित लिहिणार' अशी चार ओळींची पोस्ट टाकली आणि दोन्ही वेळा पुढे शुकशुकाट. आता पुन्हा लिहायची मनापासून इच्छा आहे. जुनाच ब्लॉग उचलावा की नवा काढावा? आठवड्याला किती पोस्ट टाकाव्यात? आणि वाचक परत यायला किती काळ लागतो?

थेट उत्तर आधी देते. जुनाच उचला. पंधरा दिवसांतून एक पोस्ट टाका, त्याहून जास्त नको. परत आल्याची घोषणा करू नका. आणि वाचकांचे आकडे पहिले सहा महिने उघडूसुद्धा नका. ऐकायला हे सगळं सोपं आहे, पण दुसऱ्या महिन्यात नेमकं हेच मोडतं, म्हणून प्रत्येकाचं कारण सांगते. गेली पंधरा वर्षं मी इतरांच्या ब्लॉगचं संपादन करते आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेचसे ब्लॉग येतात तेव्हा बंदच पडलेले असतात.

तुम्ही लिहिलंय की नोकरी बदलली आणि वेळ मिळेनासा झाला. ते खरं असणारच. पण तुम्ही सोबत जोडलेली पोस्टची यादी मी कागदावर उतरवली, शेजारी तारखा आणि शब्दसंख्या मांडली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या वर्षी ४१ पोस्ट आहेत, बहुतेक तीनशे-चारशे शब्दांच्या. मागचं चाक काढण्यापूर्वी चेन सर्वांत लहान दातेरी चक्रावर का आणायची, ही तर जेमतेम १८० शब्दांची आहे. २०१६ पासून चित्र पालटतं. वर्षाला बारा पोस्ट, प्रत्येक बाराशे शब्दांच्या घरात. २०१९ मध्ये तीनच पोस्ट: २,२०० शब्द, मग दोन महिन्यांनी २,८०० शब्द, मग चार महिन्यांनी ३,४०० शब्द. मग काहीच नाही. नोकरी तुम्ही २०२० मध्ये बदललीत. ब्लॉग त्याआधीच दमलेला होता.

ही चढती शब्दसंख्या मला जवळपास प्रत्येक बंद ब्लॉगमध्ये दिसते. एखादी मोठी पोस्ट लोकांना फार आवडते, खूप कमेंट येतात, आणि पुढची पोस्ट त्याच तोडीची हवी असं वाटू लागतं. मग छोटी गोष्ट लिहावीशी वाटली तरी 'एवढ्याशासाठी काय पोस्ट टाकायची' म्हणून ती राहते. विषयाची सगळी अंगं आल्याशिवाय पोस्ट पुरी वाटत नाही. लिहिणाऱ्याचं ज्ञान दरम्यान वाढलेलं असतं, त्यामुळे काय काय सुटतंय हेही त्याला जास्त दिसतं. हा प्रामाणिकपणाच आहे, पण त्यापायी ब्लॉग थांबतो. तुमच्या ड्राफ्टच्या कप्प्यात १७ अर्धवट पोस्ट आहेत असं तुम्ही सांगितलंत. ज्याच्याकडे लिहायला वेळच नव्हता त्याच्याकडे १७ ड्राफ्ट साठत नाहीत. तुम्ही लिहीत होतात. तुमच्याच मापाला ते पुरं पडत नव्हतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे पोस्टचं माप बदलणं. वेळापत्रक त्यानंतर. माप न बदलता वेळापत्रक आखलं की ते तिसऱ्या हप्त्याला कोसळतं, आणि तुमच्या दोन्ही 'आता नियमित लिहिणार' पोस्टचं तेच झालं. त्या प्रत्येकीनंतर तुम्ही एक प्रचंड लेख लिहायला घेतला होता. दोन्ही आजही ड्राफ्टमध्येच आहेत.

माप कसं बदलायचं ते तुमच्याच शेवटच्या पोस्टवर करून दाखवते. ३,४०० शब्दांची ती पोस्ट चेनबद्दल आहे: निवड, सफाई, तेल, झीज, तोडणं-जोडणं, सगळं एकत्र. पोस्ट चांगली आहे, तिला हात लावू नका. पण तिच्यात निदान नऊ वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि वाचणारा बहुधा त्यातला एकच प्रश्न घेऊन आलेला असतो. त्यातला झिजेचा भाग एकटा काढला तर असा होतो:

'चेन झिजली का, हे साध्या पट्टीने बघता येतं. चेनच्या आतली एक कडी आणि बाहेरची एक कडी मिळून बरोबर एक इंच भरते. पट्टीचा शून्य एका पिनच्या मधोमध धरा, चेन ताणलेली ठेवा आणि बारा इंचांच्या खुणेवर बघा. तिथली पिन बरोबर खुणेवर असेल तर चेन ठीक. एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर मागच्या चक्रांचे दातही बहुधा खराब झालेत, नवी चेन त्यांवर घसरेल.'

बस, एवढंच. सोबत पट्टी लावलेल्या चेनचा एक फोटो. ही पुरी पोस्ट आहे. वाचणाऱ्याने पट्टी उचलली, मोजलं, काम झालं. अशा पोस्टला मी 'एका प्रश्नाची पोस्ट' म्हणते. माझा नियम असा की लिहिताना दुसरा प्रश्न डोकावला तर तो त्याच पोस्टमध्ये न घेता यादीत टाकायचा. तुमच्या १७ ड्राफ्टमधून अशा पन्नासेक पोस्ट सहज निघतील. म्हणजे पंधरा दिवसांना एक या हिशेबाने दोन वर्षांची बेगमी तुमच्याकडे आजच आहे.

मोठे लेख लिहायचेच नाहीत असं मी म्हणत नाही. वर्षातून दोन लिहा. मात्र ते नियमित पोस्टच्या रांगेत उभे करू नका. ते बाजूला शिजू द्या, तयार झाले की जादा म्हणून टाका.

आता नवा की जुना. नव्या ब्लॉगचा मोह मला कळतो. कोरी पाटी, नवं रूप, जुन्या पोस्टची लाज नाही. पण १३२ पोस्टचा ब्लॉग म्हणजे १३२ पत्ते, आणि त्यातले कित्येक कुणीतरी कुठेतरी जोडून ठेवलेले असतात. एखाद्याने आपल्या लेखात दिलेली लिंक, मित्राला पाठवलेला निरोप, ब्राउझरमधला बुकमार्क. हे सगळं नव्या पत्त्यावर शून्यापासून जमवावं लागतं. वर्ल्ड वाइड वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याने १९९८ साली एक टिपण लिहिलं होतं; त्याचा सारा रोख एवढाच की चांगला पत्ता कधी बदलत नाही, आणि बदलला तर बहुतेक वेळा त्याला तांत्रिक कारण नसतं, चालवणाऱ्याने तो बदललेला असतो. नवा ब्लॉग काढावा अशी दोनच कारणं मला पटतात. विषय मुळापासून बदलला आहे, किंवा डोमेन, म्हणजे ब्लॉगचं नोंदवलेलं नाव, हातचं गेलं आहे. तुमचं यातलं काहीच नाही.

डोमेनची मुदत मात्र आजच तपासा, हे उत्तर पुरतं वाचण्याआधी तपासलंत तरी चालेल. डॉट कॉमसारखं नाव नूतनीकरणाअभावी रद्द झालं तर ३० दिवस ते सोडवून घेता येतं, त्याला जबर दंड पडतो, आणि त्यापुढच्या पाच दिवसांनंतर ते कुणालाही घेता येतं. बंद ब्लॉगची जुनी नावं टिपून बसलेले लोक असतात. तीन वर्षांपूर्वी एका लेखिकेचं असं नाव गेलं. पत्ता तिचा आणि आत जुगाराच्या जाहिराती, हे तिला तिच्या एका वाचकाने कळवलं. जुन्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून लेख बरेचसे मिळाले, एकेक उचलून आम्ही नव्या जागी लावले. कमेंट मात्र अर्ध्याहून जास्त गेल्या. वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून भांडणापर्यंत नऊ वर्षांचं बोलणं होतं ते. ती त्या कमेंटसाठी रडली, लेखांसाठी नाही. म्हणून मुदत बघा, नोंदणीत लिहिलेला ईमेल अजून तुमच्या हातात आहे का बघा, आणि पूर्ण ब्लॉगचा बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून घ्या.

यानंतर डागडुजी. इथे मी कडक होते. डागडुजीला एक शनिवार-रविवार, त्याहून एक तासही जास्त नाही. ब्लॉग पुन्हा चालू करायला निघालेली माणसं सर्वांत जास्त इथेच अडकतात. थीम, म्हणजे ब्लॉगचं रूप, बदलायला घेतात, मग लोगो, मग वर्गवारी, मग सगळ्या पोस्टचे टॅग. दोन महिने जातात, उत्साह त्यातच खर्ची पडतो, आणि ब्लॉगवर नवं अक्षर उमटत नाही. थीम मोबाइलवर नीट वाचता येत असेल तर तिला हात लावू नका. येत नसेल तर तयार साध्या थीमपैकी पहिली बरी वाटेल ती लावा आणि पुढे चला.

त्या दोन दिवसांत एवढं करा. ब्लॉग वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर ते आणि त्याची प्लगइन, म्हणजे जादा सोयींसाठी जोडलेले छोटे प्रोग्राम, अद्ययावत करा, पण बॅकअप घेतल्यावरच. न वापरलेली प्लगइन काढून टाका. चोर आत शिरतात ते बहुधा विसरलेल्या प्लगइनमधून. पत्ता एचटीटीपीएसवर, म्हणजे ब्राउझर आणि ब्लॉगमधली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीवर, चालतो का पाहा. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपीच्या प्रत्येक पानावर 'सुरक्षित नाही' असं दाखवतं, आणि तुमचा ब्लॉग २०१३ चा आहे, तेव्हा ही सोय तुम्ही केलेली नसण्याचीच शक्यता जास्त. कमेंटमधला साचलेला कचरा उपसा. ईमेल वर्गणीचा डबा, म्हणजे नवी पोस्ट ईमेलने मिळावी म्हणून वाचक आपला पत्ता भरतो तो चौकोन, तपासा: गूगलच्या फीडबर्नरची ईमेल सेवा २०२१ मध्ये बंद झाली, त्यामुळे कित्येक जुन्या ब्लॉगवर तो डबा दिसतो, लोक त्यात पत्ता भरतात आणि त्यांना कधीच काही जात नाही. गूगल प्लस या सोशल नेटवर्कची बटणं अजून असतील तर काढा, ते एप्रिल २०१९ मध्येच मिटलं. 'आमच्याविषयी'चं पान वाचून बघा. माणूस बदललेला असतो, पान तसंच असतं.

जुन्या पोस्ट एकेक उघडून दुरुस्त करायला बसू नका. त्यासाठी माझ्याकडे वेगळी रीत आहे, आणि माझ्या कामातली ती मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट आहे. प्रत्येक नवी पोस्ट लिहिताना तिच्यातून एका तरी जुन्या पोस्टला लिंक द्यायची. ज्या जुन्या पोस्टला लिंक दिली, तेवढीच त्या दिवशी दुरुस्त करायची: गायब झालेला फोटो परत लावायचा, मेलेली लिंक बदलायची, चुकीची झालेली माहिती सुधारायची, आणि तिच्या तळाशी नव्या पोस्टची उलट लिंक द्यायची. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पंधरा दिवसांना एक म्हणजे वर्षाला सव्वीस जुन्या पोस्ट दुरुस्त होतात, आणि त्याही अशा, ज्यांचा आजच्या लिखाणाशी संबंध आहे. बाकीच्या पडून राहिल्या तरी बिघडत नाही. जुनं आणि नवं असं एकमेकांत विणलं गेलं की वाचणारा एका पोस्टवरून दुसरीवर जातो, आणि तुम्हालाही कळतं की आपण २०१४ मध्ये काय लिहून बसलो आहोत. कित्येकदा नवी पोस्ट त्या जुन्या पोस्टच्या कमेंटमध्येच सापडते. तुमच्या ब्रेकच्या पोस्टखाली २०१५ मध्ये एकाने विचारलंय की पावसात डिस्क ब्रेक किंचाळतो तेव्हा काय करायचं. त्याला तुम्ही 'यावर सविस्तर लिहितो' असं उत्तर दिलंत. ते अजून लिहायचं आहे.

दुरुस्ती करताना पोस्टची मूळ तारीख बदलू नका. काही जण जुन्या पोस्टवर आजची तारीख घालून ती वर आणतात, शोधात वर येईल या आशेने. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लेखकाने स्वतःला विचारायच्या प्रश्नांची एक यादी आहे, तिच्यात हे सरळ आलं आहे: मजकुरात फारसा बदल नसताना पान ताजं भासावं म्हणून तारीख बदलताय का? आणि त्याच यादीत पुढे आहे की साइट ताजी वाटावी या हेतूने भराभर नवा मजकूर घातल्याने किंवा जुना मोठ्या प्रमाणावर काढल्याने क्रमवारी सुधारत नाही. वाचकाच्या दृष्टीनेही ते बरं नव्हे. २०१५ ची कमेंट २०२४ च्या पोस्टखाली दिसली की वाचक बुचकळ्यात पडतो. मूळ तारीख ठेवा, वर एक ओळ लिहा की अमुक महिन्यात ही माहिती सुधारली.

काढून टाकण्याबद्दलही तेच. ज्या पोस्टची लाज वाटते त्या सगळ्या उडवाव्यात असं तुमच्या मनात आहे. घाईने उडवू नका. चुकीची आणि कुणाला इजा करू शकेल अशी माहिती असेल, उदाहरणार्थ ब्रेकची तार बसवण्याची चुकीची पद्धत, तर ती पोस्ट आजच सुधारा किंवा काढा. एकाच विषयावर तीन तुटक पोस्ट असतील तर एक चांगली करा आणि बाकी दोघींच्या पत्त्यांवरून तिच्याकडे ३०१ प्रकारचा कायमचा वळसा लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप तिच्यावर पोचेल. भाषा कच्ची आहे एवढ्याच कारणासाठी काढू नका. तुमची १८० शब्दांची पोस्ट तुम्हाला आज पोरकट वाटते. मला ती अख्ख्या ब्लॉगमधली सर्वांत कामाची वाटली.

देवनागरी शीर्षकांबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण पत्त्यांचा विषय निघालाच आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा पत्त्यात गेली की नऊ चिन्हांची होते. वर्डप्रेस पोस्टच्या पत्त्याचा तो भाग २०० चिन्हांवर कापतं, म्हणजे वीस-बावीस अक्षरं-मात्रांनंतर शीर्षक तुटतं. लिंक कुठे चिकटवली की टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते आणि लोक ती उघडायला बिचकतात. नव्या पोस्टना पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा, हाताने द्या. जुन्यांचे पत्ते आहेत तसेच राहू द्या.

आता मुख्य गोष्ट, नियमितपणाची. आठवड्याला तीन पोस्ट टाकण्याचा तुमचा विचार आहे. मीही सुरुवातीच्या काळात लोकांना असं करायला लावायची. एका माणसाला मी महिनाभर रोज एक पोस्ट लिहायला सांगितलं होतं. त्याने तीस दिवस तीस पोस्ट लिहिल्या, एकही दिवस चुकवला नाही, आणि एकतिसाव्या दिवसापासून तो ब्लॉग आजतागायत उघडलेला नाही. त्याच्या डोक्यात ब्लॉग म्हणजे ते दमवणारे तीस दिवस असं पक्कं बसलं. तो सल्ला माझा चुकीचा होता आणि त्याची किंमत त्याने मोजली. तेव्हापासून मी उलटा प्रश्न विचारते: गेल्या वर्षातला तुमचा सर्वांत वाईट महिना आठवा. घरात आजारपण, कामाचा डोंगर, झोप नाही. त्या महिन्यात तुम्ही किती पोस्ट टाकू शकला असतात? तो तुमचा वेग. बहुतेक जण म्हणतात दोन. म्हणून पंधरा दिवसांतून एक. चांगल्या महिन्यात जास्त लिहून झालं तर ते प्रकाशित करू नका, साठवा.

साठा ही इथली किल्ली आहे. लिहिणं आणि प्रकाशित करणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती वेगळ्या दिवशी करायची. पहिली पोस्ट टाकण्याआधी सहा पोस्ट पूर्ण लिहून, फोटोंसह, तारखा लावून शेड्यूल करून ठेवा. म्हणजे तुम्ही परत येता त्या दिवशी पुढचे तीन महिने तुमच्या खिशात असतात. साठा तीनवर आला की समजायचं, आता लिहायला बसायला हवं. नियमितपणा वाचकाला तारखेत दिसतो, पण तुम्ही तो साठ्यात मोजायचा. साठा नसताना दर पंधरवड्याची तारीख छातीवर बसते. साठा असला की तीच तारीख नुसती येते आणि जाते.

लिहायला आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, ठरलेल्या वेळी. सवय लागायला किती काळ लागतो यावर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये एक अभ्यास झाला होता, ९६ जणांवर. रोज करायची एक साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसात १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. २१ दिवसांत सवय लागते हे जे सर्रास सांगितलं जातं त्यावर विसंबू नका. शिवाय तुमची गोष्ट रोजची नाही, आठवड्यातून दोनदाची आहे, तेव्हा आणखी वेळ लागेल असं धरून चला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून एखादी बैठक हुकली तर ती पुढच्या बैठकीत भरून काढायला जाऊ नका. हुकली ती हुकली. एखादी तारीखही हुकली तर पुढच्या तारखेला एकच पोस्ट टाका, दोन नाहीत, आणि हुकल्याबद्दल चकार शब्द लिहू नका.

हेच परत येण्याच्या पोस्टबद्दल. 'खूप दिवसांनी लिहितोय, क्षमस्व' अशी पोस्ट तुम्हाला लिहावीशी वाटेल, कारण मनात अपराधी भावना आहे. पण जो वाचक शोधातून पहिल्यांदाच येतो त्याला तुमच्या गैरहजेरीची कल्पनाही नसते, आणि जुन्या वाचकाला माफी नको असते, त्याला नवं काही वाचायचं असतं. आणखीही एक तोटा आहे. घोषणा केली की अर्धं समाधान तिथेच मिळून जातं, काम केल्यासारखं वाटतं. तुमच्या त्या दोन्ही पोस्टवर पुष्कळ 'वा, वाट बघतोय' आल्या होत्या. पहिली पोस्ट सरळ चेन आणि पट्टीची टाका. जणू काल रात्रीच बोलणं थांबलं होतं आणि आज पुढे सुरू झालं. सहा-सात पोस्ट झाल्यावर मधला काळ कसा गेला यावर लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, तेव्हा ते सांगणं असेल, वचन नसेल.

वाचकांचं म्हणाल तर ते परत येतील, पण सगळे नाहीत, आणि लवकर नाहीत. २०१३ मध्ये तुम्ही सुरुवात केलीत त्याच वर्षी १ जुलैला गूगल रीडर, म्हणजे आवडत्या ब्लॉगच्या नव्या पोस्ट एकाच जागी वाचायची सेवा, बंद झालं. त्याआधी ब्लॉग वर्षभर झोपला तरी नवी पोस्ट आली की शेकडो लोकांच्या रीडरमध्ये आपोआप उगवायची. आता फीड, म्हणजे नव्या पोस्टची अशी आपोआप मिळणारी यादी, वाचणारे कमी उरले आहेत. ते फार निष्ठावान असतात म्हणून फीड चालू ठेवाच, पण मुख्य रस्ता दोन: शोध आणि ईमेल. पोस्टच्या तळाशी ईमेलसाठी एक साधा डबा असू द्या. दहा जण आले तरी ते दहा पक्के.

आणि एक काम हाताने करा. जुन्या कमेंटमधून पुन्हा पुन्हा येणारे दहा-बारा जण निवडा. त्यांच्यातल्या कुणाचा प्रश्न तुमच्या नव्या पोस्टने सुटत असेल तर त्याला एकट्याला निरोप पाठवा: तुम्ही २०१५ मध्ये विचारलं होतं, त्याचं उत्तर आज लिहिलंय. ठरावीक मजकूर सगळ्यांना एकदम पाठवू नका. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यांना निदान दोन-तीन तरी अशी उत्तरं आली, जी वाचून पुढचे तीन महिने लिहायला बळ मिळालं.

गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे तुमची पानं शोधात कशी दिसतात ते सांगणारं साधन, आज जोडून ठेवा, कारण ते मागच्या १६ महिन्यांपर्यंतचीच माहिती दाखवतं आणि जोडलंच नाही तर पुढे तुलनेला काही राहत नाही. पण उघडायचं सहा महिन्यांनी. तेव्हाही आधी क्लिक बघू नका. लोकांनी काय शब्द टाकून शोधलं आणि तुमचं पान त्यांना नुसतं दिसलं, ती यादी बघा. तिच्यात तुम्ही कधीच न लिहिलेल्या प्रश्नांचे शब्द सापडतील; ते उचलून 'एका प्रश्नाच्या' यादीत टाका.

तुम्ही शेवटी विचारलंय की ड्राफ्ट पटापट संपवायला एआयकडून पोस्ट लिहून घेतल्या तर चालेल का. शुद्धलेखन तपासायला, लांब ड्राफ्टमधले वेगवेगळे प्रश्न वेचायला खुशाल वापरा. पोस्ट लिहून घेऊ नका. चेन झिजते कशी हे शंभर ठिकाणी मिळतं. तुमच्या चेनने डोंगराच्या मधोमध दगा दिला तेव्हा खिशातल्या कोणत्या वस्तूने तुम्ही तो जोड सांधलात, हे फक्त तुमच्या २०१४ च्या पोस्टमध्ये आहे, आणि तिच्याखाली ६३ कमेंट आहेत.

या आठवड्यापुरतं सांगायचं तर: मुदत आणि बॅकअप आज. शनिवार-रविवार डागडुजी. सोमवारी ड्राफ्ट उघडून त्यातले प्रश्न एका कागदावर उतरवा, लिहू काहीच नका. मंगळवारी अर्धा तास, चेन आणि पट्टी. फोटो दिवसाउजेडी काढा, पट्टीवरच्या खुणा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. पोस्ट झाली की प्रकाशित न करता शेड्यूलला लावा आणि दुसरीकडे वळा. सहावी पूर्ण झाली की मला कळवा. तारखा कशा लावायच्या ते बघू.